परतीचे तिकीट आणि मराठी प्रवासवर्णन

मराठीत प्रवासवर्णन हा एक समृद्ध साहित्यप्रकार आहे, असे म्हणण्याची आपल्याकडे पद्धत आहे. प्रश्नपत्रिकेत ते विधान म्हणून येते आणि विद्यार्थ्याने ते ‘सोदाहरण स्पष्ट’ करायचे असते. उदाहरणे ठरलेली असतात. गोडसे भटजींपासून प्रारंभ, मग अनंत काणेकर, मग पु. ल. देशपांडे, अलीकडचे काही हवे म्हणून मीना प्रभू. वैशिष्ट्येही ठरलेली असतात : स्थळवर्णन, निसर्गवर्णन, व्यक्तिदर्शन, लेखकाच्या व्यक्तिमत्त्वाचा ठसा, लालित्य. या यादीत काही साधे प्रश्न मात्र कुठेच सापडत नाहीत. प्रवासी ज्या गावात उतरला, त्या गावात पहिल्या रात्री तो झोपला कुठे? पाणी कुठले प्यायला? आणि त्याला खोली देण्यापूर्वी घरमालकाने काय विचारले?

आमचे म्हणणे असे, की मराठी समीक्षेने ‘प्रवासी’ ही पदवी परतीचे तिकीट खिशात असलेल्या माणसापुरती राखून ठेवली आहे. जो एकटा जातो, राहण्यासाठी जातो, आणि परतायचे केव्हा हे ज्याला माहीत नसते, त्याची रवानगी तिने इतर खणांत केली. आत्मकथन, ग्रामीण साहित्य, दलित साहित्य, आणि तेही नसेल तर स्थलांतराचे समाजशास्त्र. त्यातही हा माणूस थंड हवेच्या देशात न जाता घामाच्या शहरात गेला असेल, तर तो प्रवासी ठरण्याची शक्यता जवळजवळ संपतेच. या वाटणीत त्या माणसाचे नुकसान झाले, ते उघड आहे. आमच्या मते त्याहून मोठे नुकसान प्रवासवर्णनाचे झाले आहे.

हे आम्ही देवणीत बसून लिहितो आहोत, म्हणून थोडे या गावाविषयी. उर्वरित महाराष्ट्राला देवणी माहीत असते ती गायीबैलांच्या जातीमुळे. काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचे देखणे जनावर, आणि त्याच्या नावात आमचे गाव. गाडी धरायची तर शेजारच्या उदगीरला जावे लागते. १९५६ पर्यंत उदगीर, निलंगा, अहमदपूर हे सारे तालुके हैदराबाद राज्यातल्या बीदर जिल्ह्यात होते. पुढे ते उस्मानाबादेत आले, १९८२ साली लातूर जिल्हा झाला. म्हणजे इथल्या माणसाला ‘शहर’ म्हणून पिढ्यानपिढ्या माहीत होते ते हैदराबाद. पुणे-मुंबई नंतरची. बाहेर पडणे इथे नवे नाही. निलंग्यात १९१० साली जन्मलेले सेतुमाधवराव पगडी शिक्षणासाठी बनारस-अलाहाबादपर्यंत गेले. मे महिन्यातल्या त्या शहरांची कीर्ती सर्वांना ठाऊक आहे. त्यांचे ‘जीवनसेतु’ आपण आत्मचरित्र म्हणून वाचतो, आणि ते आहेच. पण मराठवाड्यातला एक मुलगा परक्या भाषेच्या, परक्या उन्हाच्या गावात जाऊन राहतो, या अंगाने ते प्रवासवर्णनाच्या तासाला कोणी उघडल्याचे आमच्या पाहण्यात नाही.

आता वर्गातली गोष्ट. पदवीच्या तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना आम्ही एकदा ‘मी केलेला प्रवास’ या विषयावर दोन पाने लिहायला सांगितली. बहुतेकांनी प्रांजळपणे लिहिले, की आम्ही प्रवास केलेलाच नाही. काहींनी शाळेच्या सहलीतले अजिंठा-वेरूळ लिहिले. एकाने महाबळेश्वरच्या धुक्याचे इतके सुंदर वर्णन केले, की ते त्याचे नाही हे पहिल्याच ओळीत कळले. मग बोलता बोलता समजले, की याच वर्गातला एक जण बारावीनंतर दीड वर्ष हैदराबादला एका गोदामात काम करून परत आला होता. दोघे चाकणला राहिले होते. एका मुलीने भिवंडीत मावशीकडे राहून शिवणकाम केले होते, आणि मावशीचा पत्ता शोधण्यात तिचा पहिला अख्खा दिवस गेला होता. “मग हे का नाही लिहिले?” असे विचारल्यावर गोदामातला मुलगा म्हणाला, “सर, ते कामाला गेलो होतो. प्रवासाला नाही.”

हे उत्तर त्याला कोणी शिकवले? घरी नव्हे. घरी आजी अजून ‘प्रवास’ हा शब्द कष्टाशी जोडूनच वापरते. ते त्याला ‘प्रवासवर्णनाची वैशिष्ट्ये’ छापणाऱ्या मार्गदर्शिकेने शिकवले, आणि त्या मार्गदर्शिकेच्या मागे उभ्या असलेल्या समीक्षेने.

१९६३ हे साल घेऊ. या एका सालात तीन पुस्तके आली : पु. लं.चे ‘पूर्वरंग’, भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’, आणि बाबुराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा कथासंग्रह. तिन्हींत माणूस आपले गाव सोडून दुसरीकडे जातो. ‘पूर्वरंग’मध्ये तो आग्नेय आशियात आणि जपानला जातो. ‘कोसला’त पांडुरंग सांगवीकर खानदेशातून पुण्याला येऊन वसतिगृहात राहतो. बागुलांच्या शीर्षककथेतला निवेदक रेल्वेच्या नोकरीसाठी सुरतेजवळच्या उधन्याला जातो. त्याच्यापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो खोलीचा, आणि खोलीच्या प्रश्नात जातीचा प्रश्न लपलेला असतो. मराठी समीक्षेने यांतल्या एकालाच प्रवासवर्णन म्हटले. दुसरी अस्तित्ववादी कादंबरी झाली, तिसरी दलित कथा. ही नावे चुकीची आहेत असे आम्ही म्हणत नाही. ‘पूर्वरंग’विषयी आमचे वाकडे नाही, पु. लं.च्या निरीक्षणशक्तीला तोड नव्हती हे मान्यच आहे. आमचा आक्षेप असा, की नवख्या गावातला पहिला दिवस, म्हणजे प्रवासाच्या अनुभवातला सर्वांत दाट भाग, ज्या लेखनात सर्वाधिक ताण घेऊन येतो, ते लेखन प्रवासवर्णनाच्या वर्गाबाहेर ठेवून आपण त्या प्रकाराच्या व्याख्या करत बसलो. बागुलांच्या कथेतला खोली शोधणारा माणूस गाव जसे पाहतो, तसे पाहुण्याला पाहता येत नाही. पाहुण्याला गाव दाखवले जाते. याला गावच न्याहाळत असते.

पु. लं.च्याच बाबतीत एक पुरावा आमच्या बाजूचा आहे. बंगाली शिकायचे म्हणून ते पन्नाशीच्या उंबरठ्यावर शांतिनिकेतनात जाऊन राहिले, आणि त्यातून १९७४ साली ‘वंगचित्रे’ आले. ‘अपूर्वाई’ हातोहात खपले, आजही खपते. पण आमच्या मते त्यांच्या प्रवासलेखनात ‘वंगचित्रे’ अधिक खोल आहे, आणि त्याचे कारण साधे आहे. तिथे ते पाहायला गेले नव्हते, राहायला गेले होते. ज्याला उद्याही त्याच बाजारात जायचे असते, तो दुकानदाराकडे वेगळ्या डोळ्यांनी पाहतो.

आता उन्हाकडे वळू. इथे आमच्या समीक्षेचे अज्ञान केवळ वाङ्मयीन राहत नाही.

मराठी प्रवासवर्णनाला थंडीचे वेड आहे. काणेकरांच्या १९४० सालच्या गाजलेल्या पुस्तकाच्या तर नावातच धुके आहे. बर्फ, धुके, गुलाबी थंडी, शेकोटी हे सारे ‘वातावरणनिर्मिती’ या सदरात जाते आणि त्याला गुण मिळतात. उकाड्याची वातावरणनिर्मिती होत नाही; उकाड्याची तक्रार होते. प्रवासमार्गदर्शक पुस्तकांचा तर शिरस्ताच आहे, की ‘भेट देण्यास योग्य काळ : ऑक्टोबर ते फेब्रुवारी’. जणू मार्च ते सप्टेंबर ही गावे बंद असतात. नोकरीला, शिक्षणाला, कामाला निघणारा माणूस मात्र नेमका मे-जूनमध्ये निघतो, कारण निकाल तेव्हा लागतात, प्रवेश तेव्हा होतात, आणि शेतातली कामे संपून हात मोकळे होतात तेही तेव्हाच.

देवणीचा मुलगा मुंबईला निघतो तेव्हा त्याला वाटते, उन्हाचे काय ते आपल्याला सांगा! आपण बेचाळीस अंशांत वाढलो, मुंबईचा पारा चौतीसच्या पुढे क्वचित जातो. लातूरकडून रात्री निघालेली गाडी सकाळी मुंबईत पोचते, आणि दुपारपर्यंत त्याला कळते, की हे ऊन आपल्या ओळखीचे नाही. आमच्याकडचे ऊन कोरडे. घाम आला की वाळतो, आणि वाळताना अंगातली उष्णता घेऊन जातो. शरीराला गार ठेवण्याचा, हवा कातडीइतकीच तापल्यावर तर एकमेव, मार्ग तो आहे. मुंबईची हवा आधीच बाष्पाने भरलेली. घाम येतो, पण वाळत नाही. सदरा पाठीला चिकटतो, जीव घाबराघुबरा होतो आणि पारा चौतीसच दाखवत राहतो. हाच न्याय माठालाही लागू. देवणीत ओसरीवरचा माठ भर वैशाखात पाणी गार ठेवतो, कारण त्याच्या अंगावरचे पाझरलेले पाणी वाऱ्याने उडून जाते. तोच माठ मुंबईच्या खोलीत जवळजवळ निरुपयोगी. गावाकडून कुलर नेणाऱ्याचीही तीच गत होते. माठातले पाणी गार का होत नाही, हा पहिल्या दिवशीचा धक्का एखाद्या कसदार प्रवासवर्णनाचा आरंभ होऊ शकतो. त्यात भूगोल आहे, भौतिकशास्त्र आहे, आणि आईने बरोबर दिलेल्या वस्तूचा पराभवही आहे.

शिवाय ‘पहिला दिवस’ ही आम्ही वाङ्मयीन सोयीसाठी काढलेली रेघ नव्हे. नव्या उष्म्याला सरावायला माणसाच्या शरीराला साधारण एक ते दोन आठवडे लागतात. घामाचे प्रमाण वाढते, घामातले क्षार कमी होतात, हृदयावरचा ताण उतरतो. तोवरच्या दिवसांत, आणि त्यातही पहिल्या काही दिवसांत, उन्हात काम करणाऱ्या नवख्या माणसाला उष्माघाताचा धोका सर्वाधिक असतो. ज्याने पहिल्याच दिवशी सामान टाकून स्लॅबच्या कामावर उभे राहायचे, त्याच्यासाठी पहिला दिवस हे कथनातले प्रकरण नसते. ते ओलांडायचे असते. पर्यटक दुपारी वातानुकूलित खोलीत जाऊन पडू शकतो, आणि पहिल्या दिवशी त्याने तेच करावे. याची खोलीच अजून ठरलेली नसते.

खोलीचेही एक वेगळे शास्त्र आहे. पुण्यात ‘कॉट बेसिस’ नावाची संस्था आहे, जिच्यात माणूस खोली घेत नाही, खाट घेतो. मुंबईत पोटमाळा, पत्र्याची खोली. आमच्या भागातली जुनी माळवदाची घरे जाड मातीच्या छतामुळे उन्हाळ्यात गार असत. १९९३ च्या भूकंपाने त्या मातीखाली माणसे गाडली गेल्यावर माळवदांची जी धास्ती बसली, ती अजून गेलेली नाही, आणि पत्रे वाढले. त्यामुळे पत्र्याखालची दुपार काय असते, हे इथल्या मुलाला माहीत असते. परंतु परक्या शहरात बारा बाय दहाच्या पत्र्याखाली आणखी पाच जणांचा घाम असतो. कोपऱ्यातला एकच पंखा कोणाच्या दिशेने वळवायचा, यावर त्या खोलीतले सारे राजकारण चालते. आलेल्या नवख्याला पंख्याचा वारा सर्वांत शेवटी मिळतो. कोण आधी आले, कोण कोणाच्या गावचे, कोण कोणत्या जातीचे, हे सारे त्या वाऱ्याच्या दिशेवरून वाचता येते. असे वाचता येणे म्हणजेच स्थळवर्णन, आणि यापेक्षा चांगले व्यक्तिदर्शन आम्हाला तरी माहीत नाही.

आणि एकटी मुलगी असेल, तर या सगळ्याच्या आधी पाण्याचा हिशेब असतो. स्वच्छतागृह कुठे मिळेल याची खात्री नाही, म्हणून त्या उष्म्यात पाणीच प्यायचे नाही. आमच्या विद्यार्थिनी हे एकमेकींना सांगतात, आम्हाला सांगत नाहीत. आम्हाला ते सहकारी प्राध्यापिकांकडून कळले. एकटीने जग पाहिलेल्या मीना प्रभू यांचे मराठीवर ऋण आहे, ते यासाठीही, की ‘एकटी बाई’ हा प्रवासवर्णनाचा उत्तमपुरुष होऊ शकतो हे त्यांनी पुस्तकामागून पुस्तक लिहून सिद्ध केले. २०२५ साली त्या गेल्या तेव्हा त्यांच्या पाहिलेल्या देशांची यादी सर्वांनी छापली. मराठवाड्यातून एकटी निघणारी मुलगी त्यांचीच वारस आहे, हे म्हणायला मात्र एकही समीक्षक पुढे आलेला आमच्या वाचनात नाही.

भाषेचे काय? मराठीत उन्हाला जितके शब्द आहेत तितके क्वचित दुसऱ्या कशाला असतील. झळा, काहिली, तलखी, रखरख, उकाडा, उबारा, उन्हाचा कडाका, ऊन तापणे, ऊन लागणे, ऊन बाधणे, अंगाची लाही लाही होणे. यांतला प्रत्येक शब्द वेगळी गोष्ट सांगतो. काहिली कोरड्या उन्हाची, उबारा कोंदलेल्या हवेचा. प्रवासवर्णनांत यांतले काय उतरते? बहुधा ‘खूप उकडत होते’ एवढेच. पाहुण्याला एवढे पुरते. ज्याला तिथे जगायचे आहे त्याला काहिली आणि उबारा यांतला फरक कळावाच लागतो; आणि तो कळणाऱ्यांनाच आपण लिहायला सांगत नाही. (एकंदर मराठी वाङ्मयाचा आवडता महिना श्रावण. आमच्या भागात त्याने कितीदा दगा दिला, याचा हिशेब ललित निबंधांत सापडत नाही.)

२०२२ च्या एप्रिलमध्ये ९५ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भारत सासणे यांच्या अध्यक्षतेखाली उदगीरला भरले. आमच्या दारात साहित्य आले, याचा आनंद होता आणि आहे. मांडवात आम्हाला भेटलेल्या बहुतेक पाहुण्यांच्या बोलण्यातला पहिला विषय ऊन हा होता, आणि ते स्वाभाविक होते. एप्रिलातले उदगीर आहे ते. पण त्या बोलण्यात एक गृहीतक होते, की हे ऊन म्हणजे इथल्या माणसांचा स्थायीभाव, आणि पाहुण्यांना मात्र तो ‘अनुभव’. २०१६ साली हेच झाले होते. लातुरात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागली, एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे आली, पहिल्या खेपेला दहा वाघिणींतून पाच लाख लिटर. ती गाडी पाहायला शहरांतून कितीतरी लेखणीबहाद्दर आले आणि त्यांनी वृत्तांत लिहिले, चांगलेही लिहिले. त्याच महिन्यांत उलट दिशेने, पाण्यावाचून शहरांकडे निघालेल्यांचे वृत्तांत कुठे आहेत? गाडी इकडे येताना प्रवास झाली, माणसे तिकडे जाताना आकडा झाली.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला, की अनुभव म्हणजे साहित्य नव्हे. गोदामातल्या मुलाने लिहिले म्हणून ते वाङ्मय होत नाही. मान्य. पण विमानाने जाऊन आल्यानेही ते होत नाही, आणि तिथे हा आक्षेप कोणी घेताना दिसत नाही. ग्रंथालयांच्या कपाटांत सहलकंपन्यांच्या कार्यक्रमपत्रिकेबरहुकूम लिहिलेली जी डझनावारी पुस्तके आहेत, ती प्रवासवर्णने म्हणूनच नोंदलेली आहेत. वाईट असतील, पण प्रकार त्यांचा नक्की. चांगले-वाईट ठरवण्यापूर्वी दाराच्या आत घ्यावे लागते. आमचा वाद दाराचा आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. लक्ष्मण गायकवाडांचे ‘उचल्या’, बागुलांची कथा, यांना प्रवासवर्णन म्हणणे म्हणजे त्यांतली धार बोथट करणे. जातीच्या दाहक अनुभवाला भटकंतीच्या कपाटात ठेवणे. हा आक्षेप करणाऱ्यांशी आमचे भांडण नाही. त्यांची भीती खरी आहे, कारण ते कपाट आज जसे आहे तसे पाहता कोणालाही हीच भीती वाटेल. पण आम्ही ‘उचल्या’ला आत्मकथनांतून काढा म्हणत नाही. लातूर तालुक्यातल्या धनेगावचा एक मुलगा, ज्याच्या जमातीला कायद्यानेच गुन्हेगार ठरवले होते, तो लातूर शहरात सूतगिरणीत कामाला लागतो. त्याच्यासाठी धनेगाव ते लातूर हे अंतर पु. लं.च्या मुंबई ते लंडन अंतराहून कमी नव्हते, एवढेच वर्गात मोठ्याने म्हणता यावे. ते म्हटल्यावर ‘प्रवास म्हणजे काय’ ही व्याख्या बदलावी लागेल. बदलू द्या.

शिवाय ही व्याख्या काही अनादी नाही. ज्या पुस्तकापासून आपण या प्रकाराचा प्रारंभ सांगतो, त्या ‘माझा प्रवास’चा कर्ता निघाला कशासाठी? वरसईच्या विष्णुभट गोडशांच्या घरावर कर्ज होते. बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार, दक्षिणा भरपूर मिळणार, असे कळल्यावर ते चुलत्यासह उत्तरेकडे निघाले. साल १८५७. सृष्टिसौंदर्य पाहण्यासाठी नव्हे, कर्ज फेडण्यासाठी. परत केव्हा येऊ, येऊ की नाही, हे माहीत नव्हते. पुढे झाशीच्या वेढ्यात सापडून जे पाहिले ते लिहिले. १९०७ साली चिंतामणराव वैद्यांनी ते संस्कारित करून छापले, १९६६ साली दत्तो वामन पोतदारांनी मूळ बखर प्रसिद्ध केली. म्हणजे मराठी प्रवासवर्णनाचा मूळ पुरुष कामाला गेलेला माणूस होता. आमच्या वर्गातला गोदामातला मुलगा त्याच्याच घराण्यातला. मधल्या शतकात विमानाचे तिकीट आले आणि वंशावळ बदलली.

गो. नी. दांडेकरांची ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ही आठवावी. नर्मदेच्या काठाने भिक्षा मागत एकट्याने केलेले चालणे. पण ती बहुधा कादंबरी म्हणून वाचली जाते. भूक आली की आपली समीक्षा प्रकार बदलते, असा संशय घ्यायला जागा आहे.

आमच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी हे सारे ऐकून घेतले आणि शिक्षकाला शोभेल असा प्रश्न विचारला, की हे ठीक आहे, पण परीक्षेत विचाराल काय? प्रश्न तयार आहे. ‘बागुलांच्या कथेत उधन्यात उतरलेल्या माणसाला खोली मिळेपर्यंत स्वतःविषयी कोणती माहिती द्यावी लागते, आणि तीतली कोणती तो लपवतो? आपण स्वतः एखाद्या शहरात प्रथम राहायला गेला असाल, तर त्या दिवशी आपल्याला विचारल्या गेलेल्या प्रश्नांशी तुलना करा.’ गुण दहा. महाबळेश्वरच्या धुक्याला शून्य.